‘कळलं’ न म्हणणाऱ्या मेश्राममावशी

मेश्राममावशींची हनुवटी कायम वर असायची. समोर बसचा कंडक्टर असो नाहीतर मोठ्या रुग्णालयातला सर्जन, त्या नाकाच्या शेंड्यावरून बघत बोलायच्या. पहिल्या भेटीत मला त्या शिष्ट वाटल्या. कारण नंतर समजलं आणि माझी मलाच लाज वाटली. त्यांच्या उजव्या डोळ्याची पापणी इतकी उतरली होती, की मान सरळ ठेवली तर समोरच्या माणसाचा फक्त शर्ट दिसायचा. चेहरा बघायचा तर मान वर करणं भाग होतं.

ती पहिली भेट वारज्याच्या चौकात झाली. आम्ही चौघं तिथे रुग्णहक्कांची पत्रकं वाटत होतो. लोक पत्रक घ्यायचे आणि पुढच्या खांबापाशी टाकायचे. ह्या बाईंनी ते घेतलं, पर्समधून चिकटपट्टीचं रीळ काढलं, सलाइनची सुई चिकटवतात ना, ती पांढरी. दातांनी बोटभर तुकडा तोडला, पापणी उचलून भुवईला चिकटवली आणि भर वाहतुकीत उभ्या राहून पत्रक दोन्ही बाजूंनी वाचून काढलं.

“कोणी लिहिलंय?”

“मी.” मी अभिमानाने म्हणाले.

“‘हक्क’ हा शब्द अकरा वेळा आलाय. सोमवारी सकाळी माणसाने काउंटरवर जाऊन नेमकं काय विचारायचं, ते एकदाही आलेलं नाही.”

एवढं बोलून त्यांनी पट्टी काढली. पापणी पडली. पुढच्या आठवड्यात त्या आमच्या ऑफिसात हजर. ऑफिस म्हणजे एक खोली, दोन टेबलं आणि कागद चावणारा एक प्रिंटर. म्हणाल्या, “रिटायर आहे. पत्रकांच्या घड्या घालीन. पण आधी वाचीन.” आम्ही हो म्हणालो, कारण नाही म्हणायची सोय त्यांनी ठेवली नव्हती.

माहेर-सासर दोन्ही भंडाऱ्याकडचं. आजोबांच्या पिढीत धम्म घेतलेलं घर. लग्न होऊन खडकीला आल्या. नवरा दारूगोळ्याच्या कारखान्यात होता, तो आजारपणात गेला आणि अनुकंपेवर त्याच्या जागी ह्या लागल्या. सव्वीस वर्षं दारू भरण्याच्या विभागात काढली. क्वार्टर सुटलं तेव्हा तिथल्याच स्टेशनजवळ एक खोली घेतली. पुण्यात इतकी वर्षं राहून बोलणं अगदी स्वच्छ झालं होतं. फक्त राग आला की ‘का’च्या जागी तोंडातून ‘काऊन’ निघायचं. ‘काऊन’ आलं की आम्ही सगळे आपापल्या कामात एकदम गढून जायचो.

त्यांच्या विभागात एक पद्धत होती. नाजूक माल हाताळायचा तर जोडी लागायची. भिंतीवर सूचनांचा तक्ता असायचा. एकीने एक पायरी मोठ्याने वाचायची, दुसरीने ती स्वतःच्या शब्दांत परत सांगायची आणि मगच मालाला हात लावायचा. तीच पायरी, तेच काम, तरी रोज. ‘कळलं’ म्हणायला बंदी. कोणी म्हटलंच तर सुपरवायझर विचारायचा, “काय कळलं ते सांग.”

“‘कळलं’ म्हणणारीच्या डोक्यात काय आहे, ते शेजारणीला दिसतं का?” मावशी म्हणायच्या. “आणि तिच्या चुकीने उडणार कोण? शेजारीण.”

ही पद्धत त्यांनी आमच्या खोलीतही आणली. चहा सांगायला निघालेल्या माणसालाही थांबवून विचारायच्या, “काय आणणारेस, सांग.” आमचा अनिकेत एकदा वैतागला. “मावशी, चहा आहे, सुरुंग नाही.”

“म्हणूनच तू शिकत नाहीस. चहा सांडला की पुसता येतो.”

हे सगळं विनोदाचं होतं, त्यांचा डावा डोळा नीट बघेपर्यंत. दोन्ही पापण्या एकाच सुमारास उतरायला लागल्या होत्या. वयानुसार पापणी उचलणारा स्नायू सैल पडतो. दहाबारा वर्षांपूर्वी त्यांनी आधी डावी करून घेतली, दुसऱ्याच एका रुग्णालयात. तिथे त्यांना सांगितलं गेलं, “पूर्ण झोपवणार आणि पापणी उचलणार. कळलं ना?”

आणि मेश्राममावशी म्हणाल्या, “कळलं.”

“कारखान्यात सव्वीस वर्षं जो शब्द काढला नाही, तो डॉक्टरसमोर काढला,” त्या सांगायच्या. “पांढरा कोट बघून बोबडी वळली. एकदाच म्हटलं आणि डोळा दिला.”

पूर्ण भूल दिलेल्या माणसाला डोळा उघडून दाखवता येत नाही. पापणी किती उचलली गेली, हे सर्जनला मोजमापावरून आणि अनुभवावरून ठरवावं लागतं. पुष्कळदा ते बरोबर येतं. ह्यांचं आलं नाही. पापणी जास्त वर गेली. डोळा पूर्ण मिटेना. कोरडा पडत गेला आणि बुबुळावर पांढरट डाग धरला. त्या डोळ्याने आता वाफ धरलेल्या काचेतून दिसावं तसं दिसायचं. झोपताना त्यात मलम घालून वर ओल्या रुमालाची घडी ठेवायची, ती कायमची. कारखान्यातल्या मैत्रिणी म्हणायच्या, “मेश्राम, तुझा एक डोळा झोपत नाही आन् एक उठत नाही.” हे मावशी स्वतःच हसत हसत सांगायच्या. आम्हाला हसू यायचं नाही.

म्हणजे नीट दिसणारा डोळा एकच उरला होता, उजवा. आणि त्याच्यावर पापणीचा पडदा. आता ऑपरेशन करायचं होतं ते त्याच पापणीचं. ती चुकली तर पुढे काही नव्हतं. हे त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं. नदीपलीकडच्या ज्या मोठ्या रुग्णालयात आम्ही गेलो, तिथे मात्र ते कोणी विचारलंच नाही.

काउंटरवरच्या बाईंनी कागदांचा गठ्ठा पुढे सरकवला. संमतीपत्र इंग्रजीत. भुलीसाठी तीन चौकोन. तिसऱ्यात, पूर्ण भुलीच्या, पेनाने खूण आधीच केलेली. मावशींचं नाव अजून लिहायचं होतं, खूण तयार होती.

मावशींनी पट्टी लावून कागद वाचला. “ही खूण कोणी केली?”

“सगळ्यांचं तेच असतं, आजी.”

“मी तुमची आजी नाही. खूण कोणी केली?”

“अहो, मागे रांग दिसत नाही का?”

“दिसत नाही. म्हणून तर आलेय.”

मागची रांग हसली. काउंटर हसलं नाही. आम्हाला आत पाठवलं.

सर्जन वाईट माणूस नव्हता, हे मी आज लिहू शकते. त्या दिवशी मला तो शत्रू वाटला होता. घाईत होता. म्हणाला, “काही काळजी करू नका. तुम्हाला काही कळणारसुद्धा नाही.”

“मला कळायचंच आहे.”

“अहो बाई, जागं ठेवलं आणि घाबरून हललात तर? डोळा आहे. बायका हलतात, माझा अनुभव आहे.”

मावशींनी दोन्ही हात त्याच्या टेबलावर ठेवले, बोटं पसरून. “सव्वीस वर्षं स्फोटकं भरलीत, डॉक्टर. हा हात हलला असता तर तुमचा अनुभव ऐकायला मी इथे बसले नसते.”

त्याने हातांकडे बघितलं, मग घड्याळाकडे. “आमच्याकडे पद्धत अशीच आहे. पटत नसेल तर दुसरीकडे बघा.”

मावशींनी सही केली नाही. मिळालेली तारीख गेली. आम्ही बाहेर आलो. त्या शांतपणे पट्टीचं रीळ पर्समध्ये ठेवत होत्या. मी म्हटलं, दुसरीकडे जाऊ. म्हणाल्या, “दुसरीकडे दुसरा कागद असेल, खूण तीच असेल. इथेच विचारायचं. भूल देणारा माणूस मला भेटल्याशिवाय मी सही करणार नाही. दर मंगळवारी येऊन बसेन.”

त्या मंगळवारची वाट बघत बसल्या. मला वाट बघता येत नाही. मी घरी गेले आणि पत्रक लिहिलं. मथळा ‘झोपू नका’. खाली मोठ्या अक्षरांत, ‘पापणीच्या ऑपरेशनला पूर्ण भूल नाकारा. ती तुमच्या नाही, त्यांच्या सोयीसाठी असते.’ भाषा जळजळीत होती. मला फार आवडली. मावशींना दाखवायच्या आधीच छापून त्या रुग्णालयाच्या दारात वाटून टाकलं. वाचायला दिलं तर त्या एखादा शब्द काढायला लावतील, अशी भीती होती. खरं सांगायचं तर तेवढंच कारण होतं.

तिसऱ्या मंगळवारी मी त्यांच्याबरोबर बाकावर होते. शेजारी वाघोलीहून आलेला एक तिशीचा माणूस बसला होता, गळ्यात आयटी कंपनीचं ओळखपत्र, पापणीच्या कडेला वाटाण्याएवढी गाठ. हातात माझं पत्रक, घामाने ओलं झालेलं. आपणहूनच म्हणाला, “मी जनरल रिफ्यूज करणारे. लोकलच घेणार, नुसती पापणी बधिर.”

मी खूश झाले.

मावशींनी मान आणखी वर करून त्याच्याकडे बघितलं. “तुम्हाला लोकल हवंय?”

त्याने पत्रक मांडीवर ठेवलं. मग म्हणाला, “खरं सांगू का काकू? ब्लड टेस्टला पण मी चक्कर येऊन पडतो. डोळ्यासमोर सुई आली ना, तर मी टेबलवरून उठून पळेन. मला झोपवलं तर खरं बरं होईल.”

“मग नाकारता काऊन?”

“यात लिहिलंय ना.” त्याने पत्रक दाखवलं.

काऊन आलं होतं. मावशींनी पत्रक घेतलं, पट्टी लावली, वाचलं. मग मला म्हणाल्या, “तू लिहिलंस?”

“हो.”

“त्यांनी न विचारता खूण केली. तू न विचारता छापलंस. फरक काय?”

“हेतूचा फरक आहे, मावशी.”

“माझ्या डाव्या डोळ्याच्या डॉक्टरचा हेतू पण चांगलाच होता.”

त्यांनी उठून त्या दालनातल्या बाकांवरची, खिडक्यांमधली, कचऱ्याच्या डब्यावरची माझी सगळी पत्रकं गोळा केली आणि पिशवीत भरली. मग त्या माणसाला म्हणाल्या, “मला आत्ता जे सांगितलंत ना, चक्कर आणि पळणं, तेच आत जाऊन सांगा. शब्द बदलू नका. लाजू नका.” त्याने सांगितलं. त्याला झोपवूनच गाठ काढली आणि ते बरोबर झालं. नंतर त्याने मावशींना फोन करून कळवलं. मला कळवायचं त्याला काही कारण नव्हतं.

त्याच दिवशी, दुपारी, हिरव्या कपड्यातल्या एक डॉक्टर बाई समोरून चालल्या होत्या. मावशींनी हाक मारली. “डॉक्टर, भूल तुम्ही देता?”

“हो. का?”

“तीन मंगळवार झाले तुमची वाट बघतेय. सही तुमच्या कामासाठी मागतात आणि तुम्हीच दिसत नाही.”

त्या थांबल्या. हसल्या. “पेशंट सर्जनला शोधतात. मला शोधत आलेल्या तुम्ही पहिल्याच.” आणि बाकावर बसल्या. रुग्णालयाच्या त्या इमारतीत, इतक्या वेळात, तिथे काम करणारं कोणी पहिल्यांदाच मावशींच्या शेजारी बसलं होतं.

त्या भराभर बोलायला लागल्या तशी मावशींनी हात वर केला. “थांबा. एकेक पायरी. तुम्ही सांगा, मी परत सांगते. चुकलं तर दुरुस्त करा.”

डॉक्टर बाईंनी क्षणभर बघितलं आणि मान डोलावली. “पापणीत इंजेक्शन देऊन तेवढाच भाग बधिर करता येतो. तुम्ही जाग्या असता. टोचताना झोंबतं.”

“फक्त पापणी बधिर. मी जागी. आधी झोंबेल, मग ओढल्यासारखं कळेल, पण दुखणार नाही. आणि दुखलंच तर?”

“तर तोंडाने सांगायचं, डोकं हलवायचं नाही. आणखी औषध देता येतं. दुसरं म्हणजे, ह्याच इंजेक्शनच्या जोडीला शिरेतून थोडी गुंगी. मी शेजारी उभी राहून श्वास, नाडी बघत असते.”

“दुसऱ्यात मी झोपलेली.”

“नाही. चुकलं. झोपलेल्या नाही, सुस्तावलेल्या. हाक मारली की ओ देता यायला पाहिजे. पण गुंगी जास्त झाली तर सर्जन ‘डोळा उघडा’ म्हणतील आणि तुम्ही नीट उघडणार नाही.”

“सुस्त, पण ओ देणारी. जास्त सुस्त झाले तर पापणी खोटं बोलेल.”

“अगदी बरोबर,” डॉक्टर बाई म्हणाल्या. त्यांना आता मजा वाटायला लागली होती. “आणि पूर्ण भूल. काही कळत नाही, काही आठवत नाही. लहान मुलं, पडून राहता न येणारी माणसं, फार मोठं काम, यांना तीच बरी. पण पापणीची उंची जागेपणी तपासता येत नाही.”

मावशींनी तेही परत सांगितलं. मग रक्तदाब, गोळ्या, आधीचे आजार यांची विचारपूस झाली. शेवटी डॉक्टर बाईंनी वाकून त्यांच्या डाव्या डोळ्यात बॅटरीचा उजेड टाकला आणि मग कागद पुन्हा चाळले.

“हे आम्हाला कुठेच लिहून आलेलं नाही.”

“कोणी विचारलं नाही.”

डॉक्टर बाईंनी मावशींजवळच्या संमतीपत्रावरची ती तयार खूण पेनाने खोडली. नवी केली नाही. पेन मावशींच्या हातात दिलं. मावशींनी पहिल्या चौकोनात खूण केली आणि म्हणाल्या, “दुसऱ्याची तयारी शेजारी असू द्या. मी हट्टी आहे, मूर्ख नाही.” मग सही केली. सर्जनशी डॉक्टर बाई बोलल्या. काय बोलल्या ते मला माहीत नाही, पण नवी तारीख आली.

ऑपरेशनच्या वेळी मी बाहेर बाकावर होते, म्हणून पुढचं मावशींच्या तोंडचं सांगते. डोळ्यावर बर्फाची पिशवी धरून त्यांनी ते मला सांगितलं.

“टोचलं तेव्हा, खोटं कशाला बोलू, मिरचीचा हात डोळ्याला लागावा तसं झालं. दहापर्यंत आकडे म्हटले. मग काही नाही. सर्जन गाणं गुणगुणत होता. मी म्हटलं, सूर लागत नाहीये. तो दचकला. म्हणाला, बाई, तुम्ही जाग्या आहात हे विसरलोच. मी म्हटलं, विसरू नका, त्याच्यासाठीच एवढं केलंय.

“मग म्हणाला, उघडा. उघडला. वर बघा. बघितलं. मग मला टेबलावर उठवून बसवलं, अंगावर हिरवा कपडा तसाच, आणि समोर उभा राहून बघत राहिला. आणि म्हणाला, जास्त वर गेली.”

इथे त्यांनी बर्फाची पिशवी खाली घेतली.

“जास्त वर गेली, पोरी. हे तीन शब्द डाव्याच्या वेळी कोणी म्हणूच शकलं नव्हतं. मी झोपलेली होते. ह्याने मला परत निजवलं, टाका सोडला, पुन्हा बांधला. पुन्हा बसवलं. पुन्हा बघितलं. मग म्हणाला, आता बरोबर. मी हलले का, विचारलं त्याला. म्हणाला, नाही.”

त्या आठवड्यात नवं पत्रक निघालं. मावशींनी सांगितलं, मी लिहून घेतलं. ‘हक्क’ हा शब्द एकदाच आला. बाकी सगळे प्रश्न. माझ्यासाठी कोणती भूल आणि का? दुसरी का नाही? मला सुईची भीती आहे, मग काय? देणार कोण, त्यांना आधी भेटता येईल का? ‘टोचताना झोंबतं’ ही ओळ मला नको होती. म्हटलं, लोक घाबरतील. त्या म्हणाल्या, “लपवलंस तर तू आणि ते काउंटर एकाच रांगेत.” ओळ राहिली.

दीड महिन्याने शेवटच्या तपासणीला मी त्यांच्याबरोबर गेले. त्यानंतर त्या गोंदियाला लेकीकडे जाणार होत्या, कायमच्या. पापणी सुरेख बसली होती. उजवा डोळा उघडत होता आणि पूर्ण मिटत होता. सर्जन खूश होता. म्हणाला, “आता मान सरळ ठेवायला शिका हं. गरज राहिली नाही. उगाच मणक्याला त्रास.”

“पापणी तुम्ही उचललीत, आभारी आहे,” मावशी म्हणाल्या. “मान माझी आहे.”

बाहेरच्या दालनात आलो. काचेच्या दारातून रस्त्यापलीकडचा बसथांबा दिसत होता. मावशींनी काचेतूनच येणाऱ्या बसची पाटी वाचली, पट्टीशिवाय, बोट न लावता. “खडकी. माझीच आहे. चल गं, येते मी.” पिशवी माझ्या हातातून घेतली आणि दाराकडे निघाल्या. हनुवटी वर.

मागे काउंटरवर त्याच बाई होत्या. त्यांनी कोणा नव्या पेशंटपुढे गठ्ठा सरकवला. खूण केलेलीच असणार, मला बघायची गरज नव्हती. ती पेशंट बाई घाईघाईने म्हणाली, “हो हो, कळलं, कळलं. सही कुठे करू?”

मावशी दारात थांबल्या. बस थांब्याला लागली होती. त्यांनी बसकडे बघितलं, मग वळल्या आणि आल्या वाटेने काउंटरकडे चालू लागल्या. काउंटरवरच्या बाईंनी वर बघितलं आणि हातातलं पेन खाली ठेवलं.

“काय कळलं,” मावशी त्या पेशंट बाईच्या शेजारी बाक ओढून घेत म्हणाल्या, “ते मला सांगा बघू.”

बस निघून गेली. त्यांनी मागे वळूनही बघितलं नाही.